डाव्या सीटचा ब्रेक

माझ्या गाडीत डाव्या सीटसमोरच्या मॅटला भोक पडलंय. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट झिजलं तर समजू शकतं, तिकडे पाय काम करतात. डावीकडच्याने फक्त बसायचं असतं. पण माझ्या डावीकडे अधूनमधून दिगंबर ठोसर बसतात, आणि ठोसरकाका नुसते कुठेच बसत नाहीत. गाडी सुरू झाली की त्यांचा उजवा पाय त्या मॅटवर ब्रेक दाबायला लागतो. सिग्नल पिवळा झाला, दाब. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे एखादी म्हातारी बसची वाट बघत उभी असली, तरी दाब. माझ्या नवऱ्याने दोनदा मॅट बदललं आणि मग नाद सोडला.

काकांची यात फारशी चूक नाही. लंडनच्या कडेला असलेल्या आमच्या स्टॅनमोरमध्ये त्यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलं. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या. इथून वेम्ब्लीपर्यंत जी मराठी माणसं आज ऐटीत गाडी चालवतात, त्यातली निम्मी त्या दुसऱ्या ब्रेकमुळे जिवंत आहेत असं काकांचं मत आहे. वय झालं तशी त्यांनी ती गाडी विकली. ब्रेक गाडीबरोबर गेला, पाय मात्र सवयीसकट राहिला.

पायाबरोबर तोंडही राहिलं. काकांच्या लेखी जगातला प्रत्येक शिकाऊ माणूस 'राजा' असतो, मग ती साठीची बाई का असेना. "राजा, मिरर," हे त्यांचं पालुपद. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेतून कुणी ताट घेऊन मागे सरकलं, की काका आमटीच्या पातेल्याआडून म्हणणार, "राजा, मिरर न बघता रिव्हर्स घेतोस?" एकदा एका भटजींनाही ते असं म्हणाले होते. भटजी त्यांच्याकडेच गाडी शिकलेले असल्यामुळे त्यांनी आरती थांबवून मागे पाहिलं.

माणसांची ओळख करून द्यायचीही त्यांची एक तऱ्हा आहे. "ही मीनल. दोनदा फेल." मी नोकरी करते, मला दोन मुलं आहेत, मी बरी गाते, यातलं काहीही ते सांगत नाहीत. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवून मी इथे आले होते, त्यामुळे टेस्ट म्हणजे हातचा मळ असं मला वाटत होतं. पहिल्या टेस्टला मी एका सायकलवाल्याला, आपण पुण्यात वाजवतो तसा, प्रेमाने हॉर्न दिला. "इकडे हॉर्न म्हणजे शिवी," काका नंतर म्हणाले, "तू एक्झामिनरच्या देखत शिवी दिलीस." दुसऱ्या टेस्टला मी इतकी घाबरले होते की राउंडअबाउटवर, म्हणजे इथल्या गोल चौकात, सगळ्या दिशांची वाहतूक संपायची वाट बघत बसले, आणि ती काही संपली नाही. तिसऱ्यांदा पास झाले. तेव्हापासून काकांचा माझ्यावर विश्वास आहे.

कारण पहिल्या फटक्यात पास झालेल्या माणसाच्या गाडीत काका बसत नाहीत. त्यांचा स्वतःचा भाचा पहिल्या फटक्यात पास झाला, तर त्याच्या लग्नाला ते बसने गेले. "त्याला अजून कळलेलं नाही तो कशात कच्चा आहे ते. मी का शोधून देऊ?"

आता माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमची कंपनी बिनड्रायव्हरची गाडी तयार करते. गाडी चालती करायचं काम इंजिनिअर करतात, आणि लोकांनी तिच्यात न घाबरता बसावं हे बघायचं काम माझं. माझ्या हुद्द्यात 'पब्लिक ट्रस्ट' असे शब्द आहेत. ते काकांना कळले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तू विश्वास विकतेस?"

"विकत नाही काका. निर्माण करतो आम्ही."

"कशापासून?"

याचं उत्तर आमच्याकडे एका सुरेख प्रेझेंटेशनमध्ये होतं, पण काकांसमोर ते मला आठवेना. नेमक्या त्याच आठवड्यात मला चाचणीसाठी अशी माणसं हवी होती, ज्यांचा या गाड्यांवर काडीचा विश्वास नाही. साहेबांना असे वीसेक लोक पाहिजे होते. मी म्हटलं, सुरुवातीला एक आणते, तो बराच वेळ पुरेल.

काका लगेच तयार झाले, इतके लगेच की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या दिवशी त्यांनी टाय लावला होता. शिकवायला जाताना लावायचे तोच. मोटरवेवर मॅटचं उरलंसुरलं काम झालं, आणि आम्ही कंपनीच्या कार पार्कात पोचलो. तिथे फिओना उभी होती. गाडी स्वतः चालते तेव्हा ड्रायव्हरच्या जागी बसून लक्ष ठेवणारी, आणि काही बिघडलंच तर ब्रेक दाबणारी ही आमची इंजिनिअर. आपल्यासारखाच जादा ब्रेक बाळगणारी बाई बघून काकांना बरं वाटलं. तिचा ब्रेक खरोखर लागतो हे कळल्यावर थोडा हेवाही वाटला असावा.

फिओनाने सुरक्षिततेची माहिती सुरू केली. काकांनी तिला मधेच थांबवलं. "आधी नंबर प्लेट."

इथे टेस्टच्या सुरुवातीला एक्झामिनर वीस मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावतो. ती वाचता आली नाही तर टेस्ट तिथेच संपते. काका हा प्रकार प्रत्येक शिकवणीच्या आधी करत. रोज, प्रत्येकाला, पास होण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा. आता त्यांनी कार पार्काच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या एका निळ्या गाडीकडे बोट दाखवलं. "टेल इट टु रीड दॅट."

फिओना हसली नाही. तिने आतल्या स्क्रीनवर दोन बटणं दाबली आणि गाडीच्या कॅमेऱ्याने वाचलेली अक्षरं मोठी करून दाखवली. काकांनी स्क्रीनला नाक लावून ती पाहिली. मग त्या निळ्या गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे किंचित झुकून मराठीत, हळूच विचारलं, "बरोबर आहे का गं?"

बरोबर होतं. मला प्लेट स्वच्छ दिसत होती. मी "हो" म्हटलं.

काका डाव्या सीटवर बसले, फिओना उजव्या, मी मागे. गाडी निघाली आणि काकांनी तिला शिकवायला घेतलं. "गुड. मिरर, राजा. जेंटली." फिओनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं की हे असंच चालणार. पार्काबाहेरच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. समोरून आलेला एक व्हॅनवाला थांबला आणि त्याने आम्हाला वाट दिली. आमची गाडी शिस्तीत निघून गेली. काका अस्वस्थ झाले.

"थँक यू कुणी म्हणायचं?"

इथे वाट देणाऱ्याला हात वर करून आभार मानतात. न मानणारा माणूस टेस्टमध्ये नापास होत नाही, पण काकांच्या मनातून उतरतो. गाडीला हात नव्हता. पुढच्या वेळेपासून समोरचा थांबला की काकाच तिच्या वतीने हात वर करू लागले, दाराला कोपर टेकवून, जावयाच्या चुका पोटात घालणाऱ्या सासऱ्यासारखे. समोरचे लोकही त्यांना उलट हात करत. गाडी स्वतः चालतेय हे त्यातल्या कुणाच्याही लक्षात आलं नसावं.

मग एका वळणावर सामान उतरवणारा ट्रक आडवा लागला. आमची गाडी त्याच्यामागे थांबली. पुढे सरकली, थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. मागच्या गाड्यांची रांग लागली. आणि हे सगळं रेकॉर्ड होत होतं. फिओनाने स्टिअरिंगला हात घातला, तेवढ्यात काका म्हणाले, "वेट. इट डझन्ट नो."

फिओना म्हणाली, हो, तिला खात्री वाटत नाहीये.

"अँड इट नोज इट डझन्ट नो?"

हो, म्हणून तर ती थांबलीय.

"गुड," काका म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं बिनशर्त 'गुड'. मग वळून मला मराठीत म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरी आहे. तू न कळताच घुसायचीस."

परत आल्यावर साहेबांनी काकांना त्या सुरेख प्रेझेंटेशनमधली फिल्म दाखवायचं ठरवलं होतं. हसरी आजी, हसरं कुत्रं, हसरी गाडी. काकांनी दोन मिनिटं पाहून विचारलं, "हाऊ मेनी टाइम्स डिड इट फेल?" साहेब म्हणाले की निकाल फार उत्साहवर्धक आहेत. काकांनी फिओनाकडे पाहिलं. फिओनाने खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला, आणि आमची गाडी जिथे जिथे चुकली होती ते सगळं एकेक करून दाखवायला सुरुवात केली. उडत्या प्लास्टिकच्या पिशवीला घाबरून थांबली ती वेळ. कडेला मुलगा उभा असताना वेग कमी केला नाही ती वेळ, आणि त्यानंतर नेमकं काय बदललं ते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. काका मात्र असे रंगले की चहा गार झाला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काका, प्लेट दिसली नाही ना तुम्हाला?"

मॅटवर पाय दाबला गेला. समोर काहीच नव्हतं.

"मधोमध दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं सगळं. तुझे कान दिसतात, नाक नाही. ऑप्टिशियन म्हणाला, आता नाही चालवता येणार. मी त्याच दिवशी लायसन्स परत पाठवलं. त्याने पाठवा म्हणायच्या आधीच."

मग बाकीचं त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितलं. नलूकाकू, म्हणजे त्यांची बायको, दर गुरुवारी ईलिंगला जाते. तिची थोरली बहीण तिथल्या केअर होममध्ये आहे. ती आता कुणाला ओळखत नाही, बोलतही नाही. पण नलूकाकू तिच्या केसांना तेल लावून वेणी घालते तेव्हा ती डोळे मिटून घेते आणि गुणगुणते. आठवड्यातून तेवढंच. काका तिला नेत, बाहेर गाडीत बसून राहत आणि परत आणत. आता गाडी नाही. काकूच्या गुडघ्यांना दोन बस आणि वरचा चढ झेपत नाही. मिनीकॅब केली, तर काका प्रत्येक ड्रायव्हरला मिरर बघायला सांगतात. त्यामुळे जवळच्या दोन्ही कॅबवाल्यांनी त्यांच्या घरी यायचं बंद केलंय. नवऱ्याला घरी ठेवून परक्या ड्रायव्हरबरोबर एकटीने जायला काकू तयार नाही, आणि काका तिला सोडायला तयार नाहीत.

"मागचे तीन गुरुवार गेली नाही ती," काका म्हणाले. "म्हटलं, तुझी ही गाडी बघावी. नलूच्या लायकीची आहे का ते."

म्हणजे मी एक विश्वास नसलेला नागरिक आणला असं समजत होते, आणि काका तिथे स्थळ बघायला आले होते.

पुढच्या खेपेला ते नलूकाकूला घेऊन आले. काकू ठेंगणी, बोलायला थोडी आणि बोलली की नेमकी. काकांनी तिला पुढे बसवलं आणि स्वतः मागे माझ्याशेजारी बसले. मागे बसलेले काका मी प्रथमच पाहत होते. समोरच्या सीटखाली पाय सरकवून त्यांनी तिथेही ब्रेकची जागा शोधली. गाडी झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबली. फुटपाथवर एक माणूस फोनवर बोलत उभा होता, त्याला कुठेच जायचं नव्हतं. गाडी तरीही त्याची वाट बघत राहिली.

"हे तर तुम्हीच," काकू मागे न बघता म्हणाली.

"भीती वाटतेय का?" काकांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर वाटते तेवढी नाही."

काका खूष झाले. खाली उतरताच त्यांनी मला बाजूला घेतलं. टायची गाठ सारखी केली. "स्टॅनमोरला कधी येणार ही? खरं सांग, मीनल. प्रेझेंटेशनमधलं नको."

प्रेझेंटेशनमध्ये 'लवकरच' असा शब्द होता. माझ्या जिभेवर तोच आला होता. काकांचा चेहरा पाहिला आणि मला तो बोलवेना. मी सांगितलं की ही गाडी या पार्काच्या आसपासचे रस्तेच ओळखते. स्टॅनमोरहून ईलिंगला ड्रायव्हरच्या जागी माणूस न बसवता जाईल असं व्हायला किती वर्षं लागतील हे मला माहीत नाही, आमच्यात कुणालाच माहीत नाही. तुमच्या गुरुवारांना ती पुरी पडणार नाही. हे बोलताना मला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं.

काकांनी मान हलवली. ते समोर बघत होते, म्हणजे कडेचं बघत होते. "बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले. "दोनदा फेल झालेलीच सांगू शकते."

कँटीनमध्ये तिघंही चहा घेऊन बसलो. मी म्हटलं, गुरुवारी मी रजा टाकत जाईन, नेईन तुम्हाला. काकूने चहा ढवळला. "तुझ्या रजा किती पुरणार?" मग कप खाली ठेवून म्हणाली, "माझं प्रोव्हिजनल आहे."

काकांना कळेना. मलाही कळेना. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स.

"इकडे आले त्या वर्षी काढलं होतं. दर दहा वर्षांनी रिन्यू करते," काकू म्हणाली.

"पण कशाला?"

"फोटो चांगला येतो."

तेव्हा ती जुनी गोष्ट निघाली. लग्नानंतर काकांनी काकूला एकदा, फक्त एकदा, शिकवायला घेतलं होतं. घरापासून कोपऱ्यापर्यंत जाताना त्यांनी आपला ब्रेक इतक्या वेळा दाबला की काकू भर रस्त्यात दार उघडून उतरली आणि बस पकडून घरी गेली. नंतर काका म्हणत राहिले, तुला कशाला पाहिजे, मी आहे ना. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या घरात एक माणूस तेवढं शिकायचं राहिलं.

काकांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी खिडकीतून बाहेर, दूरच्या एका लाल गाडीकडे बोट दाखवलं.

"नले," ते म्हणाले, "प्लेट वाच."

काकूने वाचली. न अडखळता.

लायसन्स नसलेला माणूस शिकाऊ ड्रायव्हरशेजारी देखरेखीला बसू शकत नाही, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. माझ्या गाडीवर काकूच्या नावाने इन्शुरन्स काढला, पुढेमागे लाल 'एल' चिकटवले, आणि शनिवार-रविवारी आमची शिकवणी सुरू झाली. काका मागे. पहिले काही आठवडे आम्ही घराभोवतीच फिरलो. काकू सावकाश चालवते, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत. मी नीट ऐकलं तेव्हा कळलं, "मिरर, मिरर."

मागच्या रविवारी आम्ही पहिल्यांदा ईलिंगला गेलो. गुरुवार नव्हता, पण केअर होमवाल्यांनी चालेल म्हटलं होतं. तेलाची बाटली काकूच्या पर्समध्ये होती. तिकडच्या एका अरुंद रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या लावलेल्या होत्या, आणि समोरून भलीमोठी व्हॅन आली. काकूने वेग कमी केला, पण माझ्या मते पुरेसा नाही. व्हॅनवाला थांबला. काकू मधल्या जागेतून हळूहळू, नीट, गाडी काढत होती. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट चिकटलेले होते.

"मीनल," मागून काकांचा शांत आवाज आला, "पाय."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मॅटच्या त्या भोकात घट्ट रुतला होता. मी तो उचलला आणि मागे वळून पाहिलं. काका पट्टा लावून मागच्या सीटवर चक्क मांडी घालून बसले होते, पूजेला बसावं तसे. बूट खाली काढून ठेवलेले. दोन्ही पावलं मांड्यांखाली पक्की दाबून धरलेली.

"खाली ठेवले की दाबले जातात," ते म्हणाले.

आणि व्हॅनवाल्याला दिसेल न दिसेल, पण काकूच्या वतीने त्यांनी हात वर केला.